गिटार कॉम्प्युटरला जोडली, पण आवाज नीट येत नाही: दोष शोधायचा कुठे?

"गिटार लॅपटॉपला जोडलीय, पण आवाज नीट येत नाहीये. काय करू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, नीट येत नाही म्हणजे नेमकं काय होतंय? अजिबातच येत नाही? येतो, पण बारीक आणि मातकट? मागे सतत घूंऽऽ चालू आहे? तार छेडल्यावर क्षणभरानं ऐकू येतंय? की काल सगळं उत्तम होतं आणि आज बोंब? तक्रारीचं वाक्य एकच असलं तरी या पाच प्रकारांची मुळं पाच ठिकाणी असतात.

बहुतेक जण शोधायला सुरुवात करतात ती मात्र कॉम्प्युटरच्या टोकाकडून. ड्रायव्हर काढ, परत टाक, नवं सॉफ्टवेअर उतरव, शेवटी विंडोज फॉरमॅट मार. माझा अनुभव असा की दोष बऱ्याचदा यूएसबीच्या अलीकडे असतो: गिटारच्या जॅकमध्ये, वायरीत, चुकीच्या भोकात, चार्जरमध्ये, नाहीतर भिंतीवरच्या बोर्डात. म्हणून गिटारपासून निघायचं आणि कॉम्प्युटरकडे जायचं. खाली लिहिलंय ते साध्या, म्हणजे बॅटरी नसलेल्या पिकअपची (तारांच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा भाग) इलेक्ट्रिक गिटार आणि विंडोज लॅपटॉप धरून. मॅकवाल्यांना ड्रायव्हरचा भाग सोडला तर बाकी सगळं लागू. पुढे इंटरफेस म्हणेन ती म्हणजे गिटारचा सिग्नल यूएसबीवाटे कॉम्प्युटरला देणारी छोटी पेटी.

इंटरफेस नाही, वायर थेट लॅपटॉपमध्ये

गिटारची पिन ६.३५ मिलीमीटरची, दुकानात तिला पी-३८ म्हणतात. लॅपटॉपचं भोक ३.५ मिलीमीटरचं, ती ईपी पिन. दोन्ही जुळवणारा छोटा कन्व्हर्टर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कुठेही मिळतो. तो आणून खुपसला की रेकॉर्डिंग सुरू, अशी समजूत असते.

हल्लीच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं. त्याच्या आत चार संपर्क असतात: डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि माइक. गिटारची पिन मोनो, तिचे भाग दोनच, टोक आणि दांडा. ती आत गेली की टोक डाव्या कानाच्या संपर्काला टेकतं आणि लांब दांडा उरलेल्या तिघांना एकमेकांशी जोडून टाकतो. माइकचा संपर्क ग्राउंडला शॉर्ट झाला की लॅपटॉपची समजूत होते, बिनमाइकचा हेडफोन लावलाय. गिटारचा सिग्नल माइकपर्यंत पोचतच नाही, तो जाऊन थडकतो हेडफोनच्या आउटपुटवर.

तरीही काही जण सांगतात की "थोडा येतो, पण लांबून आल्यासारखा". तो येतो लॅपटॉपच्या अंगच्या माइकमधून, तारांचा नुसता खोलीतला आवाज. खात्री करायची असेल तर रेकॉर्डिंग चालू करा आणि कीबोर्डच्या वर, स्क्रीनच्या कडेला नखानं टकटक करा. ती टकटक गिटारपेक्षा मोठी आली तर तुम्ही गिटार रेकॉर्ड करतच नाही आहात. इथे चार पट्ट्यांच्या पिनचा, हेडफोन आणि माइक वेगळे करणारा स्प्लिटर लागतो, आणि गिटार त्यातल्या माइकच्या बाजूला.

डेस्कटॉपला गुलाबी माइक आणि निळं लाइन-इन अशी वेगळी भोकं असतात. तिथे सिग्नल पोचतो, पण आवाज मरतो. याचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारख्या बारीक तारेची हजारो वेढ्यांची कॉइल. सिंगल-कॉइल पिकअपचा साधा रोध ६ हजार ओहमच्या आसपास असतो आणि इंडक्टन्स २-३ हेन्री. कॉइलचा विरोध कंपनसंख्येबरोबर वाढत जातो. ३ हेन्री धरले तर १०० हर्ट्झला तो २ हजार ओहमसुद्धा नसतो, ३००० हर्ट्झला ५६ हजारांवर जातो. आता समोरच्या लाइन-इनची इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा एकूण विरोध, १० हजार ओहम आहे असं धरा. १०० हर्ट्झच्या खर्जातला साधारण ६० टक्के सिग्नल पलीकडे पोचतो. ३००० हर्ट्झच्या, म्हणजे पिकचा टणत्कार आणि तारेची चमक जिथे असते तिथल्या सिग्नलचा जेमतेम सहावा हिस्सा. बारीक आणि मातकट म्हणतात तो हाच. सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवून तो भरून येत नाही, कारण जे पोचलंच नाही ते वाढवताना त्याच्याबरोबरची खरखर वाढते.

गिटारच्या अँपचा इनपुट १० लाख ओहमचा, म्हणजे १ मेगाओहमचा असतो. पिकअपवर भारच पडत नाही, सगळा सिग्नल पोचतो. इंटरफेसवर इन्स्ट किंवा हाय-झेड लिहिलेलं असतं त्याचा अर्थ इतकाच.

माइकचं भोक तर लाइन-इनपेक्षा वाईट. त्याची इम्पिडन्स आणखी कमी, शिवाय छोट्या माइकसाठी त्या पिनेवर काही व्होल्टचा डीसी दाब सोडलेला असतो, आणि विंडोजमध्ये माइक बूस्ट चालू असेल तर जोरात वाजवलेली प्रत्येक कॉर्ड फाटते. मातकट आणि फाटका, दोन्ही एकदम.

इंटरफेस लगेच घेणं शक्य नसेल तर एक मधला मार्ग आहे. बॉसचं नेहमीचं छोटं पेडल कुणाकडे असेल तर ते गिटार आणि लाइन-इनच्या मध्ये लावा. इफेक्ट बंद ठेवला तरी चालतं, कारण ही पेडलं बंद असतानाही सिग्नल बफर नावाच्या, पिकअपवर भार न टाकणाऱ्या सर्किटमधून पाठवतात: आत १ मेगाओहम, बाहेर १ हजार ओहम. फक्त पेडलला ९ व्होल्टचा पुरवठा हवा, बॅटरी मेलेली असेल तर काहीच ऐकू येणार नाही. हे करून आवाजातला फरक एकदा ऐकला की इंटरफेस का घ्यायचा हे वेगळं पटवावं लागत नाही.

विकत घेताना माझं मत असं: सगळ्यात स्वस्त चालेल, पण गिटारसाठीचा इनपुट हवाच. घरात बॉस कटाना किंवा यामाहाच्या टीएचआर मालिकेतला छोटा अँप असेल तर थांबा, त्यांच्यापैकी बऱ्याच मॉडेलना मागे यूएसबी आहे आणि तेच इंटरफेसचं काम करतं. मात्र कुठल्याही अँपचं स्पीकरचं आउटपुट इंटरफेसला किंवा लॅपटॉपला कधीही जोडू नका. तिथे पॉवर असते, सिग्नल नव्हे. व्हॉल्व्हच्या अँपचा स्पीकर काढून वाजवलं तर अँपचा ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो.

इंटरफेस आहे, तरी मातकट

बटण बघा. फोकसराइट स्कारलेट सोलोवर इन्स्ट असं बटण आहे, ते दाबलेलं नसेल तर तो इनपुट लाइनचा राहतो. बेहरिंगर यूएम२ वर बटण नाही, पण दोन भोकं आहेत: पहिलं मोठं माइक आणि लाइनसाठी, दुसरं गिटारसाठी. नवीन माणूस हमखास पहिल्यात घालतो, कारण एक नंबर म्हणजे मुख्य असं वाटतं. बाकी ४८ व्होल्टचं बटण कंडेन्सर माइकसाठी आहे, गिटारला त्याचा उपयोग नाही, बंद ठेवा.

गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवा आणि गेन इंटरफेसवर जमवा. सगळ्यात जोरात वाजवाल तसं वाजवून मीटर −१२ ते −१० डेसिबलच्या आसपास राहील इतकं पुरे. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना लाल दिव्याच्या जवळ नेण्यात काहीच फायदा नाही. वायरही बघा. तिच्या दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅडची कपॅसिटन्स असते आणि ती वरचे सूर खाते. ३ मीटरला फरक कळत नाही, १० मीटरला कळतो. घरात टेबलाशी बसून रेकॉर्ड करायला १० मीटरची वायर कशाला हवी?

एवढं सगळं बरोबर असूनही "आवाज कोरडा, टणटण येतो" अशी तक्रार राहते. तो दोष नाही. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपण ऐकत आलो त्यात अँप आणि स्पीकरचा वाटा मोठा आहे. १२ इंची गिटार स्पीकर ५००० हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही. थेट रेकॉर्ड केलेल्या गिटारला ही गाळणी नसते. म्हणून अँप सिम्युलेटर, म्हणजे अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, लावायचा, आणि त्यात कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) भाग चालू आहे ना ते पाहायचं. डिस्टॉर्शन आहे पण कॅबिनेट नाही, असं झालं की मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो आणि लोक बिचाऱ्या इंटरफेसला दोष देतात. न्यूरल अँप मॉडेलर फुकट आहे, त्यात फक्त अँपचं मॉडेल लावून कॅबिनेटची आयआर फाइल (त्या पेटीच्या आवाजाचा ठसा) विसरणं हा यातला नेहमीचा प्रकार.

घूंऽऽ

ही आपल्याकडची सगळ्यात चिवट तक्रार. परदेशी व्हिडिओ बघून ती सुटत नाही, कारण तिकडच्या घरात बहुधा नीट अर्थिंग असतं. अमेरिकन लोक तिला साठ सायकलचा हम म्हणतात. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून आपल्याकडे घुमतो तो ५० चा आणि त्याच्या पटीतला १०० चा. ओळखायला कान पुरतो. जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवा. तो ९८ हर्ट्झचा. मागची घूं त्याच्याशी जवळपास सुरात असेल तर ती विजेच्या तारांतून आलेली आहे. सुराला धरून नसेल, माउस हलवल्यावर किंवा पान सरकवल्यावर तिची चाल बदलत असेल, तर ती लॅपटॉपच्या आतून यूएसबीवाटे येतेय. त्यासाठी दुसरा पोर्ट वापरा, हब काढा, चार्जर काढून बघा.

विजेचीच आहे असं ठरलं तर क्रमानं जा. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घूं गेली? म्हणजे पिकअप पकडतोय. राहिली? म्हणजे वायर, इंटरफेस किंवा पुरवठा. वायरीच्या बाबतीत एक फसगत ध्यानात ठेवा: अँपपासून स्पीकर कॅबिनेटपर्यंत जाणारी वायरसुद्धा दोन्हीकडे पी-३८ पिनांचीच असते, पण तिच्यात शील्ड (बाहेरचा हम अडवणारी जाळी) नसतं. गिटारला लावली तर ती अँटेनाचं काम करते.

पिकअप पकडत असेल तर खुर्चीवर बसल्या बसल्या गिटारसकट हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं मोठी होईल, त्याच्या काटकोनात जवळपास नाहीशी होईल. सिंगल-कॉइल पिकअपचा हा स्वभावच आहे. हमबकर त्याचसाठी जन्मला: गिब्सनमध्ये काम करणाऱ्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये त्याच्या पेटंटचा अर्ज केला, दोन कॉइल उलटसुलट जोडून बाहेरचा हम एकमेकांत मारायचा. तुमच्या गिटारला पाच जागांचा स्विच असेल तर दुसरी आणि चौथी जागा लावून बघा. बऱ्याच गिटारमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो आणि त्या दोन जागांवर हम पडतो.

मग खोलीत शोधा. पहिला संशयित पंख्याचा रेग्युलेटर. गोल, सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मध्येच कापतो आणि घूं ऐवजी टर्रऽऽ असा खरखरीत आवाज देतो. पंखा दोनवर ठेवला की टर्र, पूर्ण वेगावर किंवा बंद केला की कमी, असं झालं तर चोर सापडला. खटखट करत पायऱ्या बदलणारे, कपॅसिटरचे रेग्युलेटर हा त्रास देत नाहीत. वायरमन बदलून देतो. मे महिन्यात पंखा बंद करून रेकॉर्डिंग करा असा सल्ला मी कुणाला देणार नाही. त्यानंतर जुन्या ट्यूबलाइटचा तांब्याचा चोक, दिव्याचा डिमर, लॅपटॉपचा अडॅप्टर, राउटर. गिटार यांच्यापासून मीटरभर दूर घेतली तरी फरक पडतो. लाइट गेल्यावर घूं अचानक वाढत असेल तर घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर-वेव्हचा आहे. त्या वेळी चार्जर काढून लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालवा.

आता अर्थिंग. तारांना हात लावला की घूं कमी होते, हात काढला की वाढते, हे नॉर्मल आहे. तारा ब्रिजमधून गिटारच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि आपलं अंगच अँटेना झालेलं असतं. उलट झालं, म्हणजे हात लावल्यावर वाढली, तर गिटारमधली ग्राउंडची वायर सुटली आहे किंवा तुमचा पुरवठा अर्थ झालेला नाही.

चार्जर काढून पाहिला आणि घूं गायब झाली, असं सांगणारे बरेच भेटतात. दोन पिनांचा चार्जर असेल तर त्याचं आउटपुट अधांतरी असतं. आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून मेन्सचा अंश गळून लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येतो. म्हणूनच अशा लॅपटॉपवर हात फिरवला की झिणझिण्या येतात, टेस्टरही अंधूक पेटतो. गिटार जोडली की तोच अंश यूएसबी, इंटरफेस आणि वायरीच्या शील्डमार्गे तारांवर येतो. करंट अगदी किरकोळ असतो, पण हम द्यायला भरपूर. उपाय: तीन पिनांचा चार्जर, आणि तो खरोखर अर्थ असलेल्या सॉकेटमध्ये. मध्ये थ्री-पिनचं टू-पिन करणारा कन्व्हर्टर घातला की अर्थची जाड पिन हवेत लोंबकळते, मग चार्जर तीन पिनांचा असून नसल्यासारखा.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं, त्याच्यामागे वायर असेलच असं नाही. कधी ते न्यूट्रलला जोडून ठेवलेलं असतं, ते तर धोक्याचं. झिणझिण्या सोडून हिसका बसला, किंवा गाताना ओठ माइकला लागताच चटका बसला, तर रेकॉर्डिंग तिथेच थांबवा आणि आधी वायरमनला बोलवा. यात हम दुय्यम आहे. आणि घूं जावी म्हणून अँपच्या प्लगची अर्थची पिन कापण्याचा जो सल्ला अजूनही कुणीकुणी देतो, तो अजिबात ऐकू नका.

अर्थिंग उत्तम असूनही घूं येत असेल, आणि अँपच्या लाइन-आउटमधून इंटरफेसमध्ये वायर घेतली असेल, तर ग्राउंड लूप आहे. अँप एका भिंतीला, लॅपटॉप दुसऱ्या भिंतीला, दोघांचे अर्थ वेगळ्या वाटेनं जाऊन मधल्या वायरीतून भेटतात. दोन्ही एकाच स्पाइक गार्डवर घ्या. तरी राहिली तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या ठेवणारी छोटी डबी) आणि त्यावरचा, मधल्या वायरीतला ग्राउंडचा दुवा तोडणारा, ग्राउंड लिफ्टचा स्विच.

उशिरा ऐकू येतंय

आधी कानात काय आहे ते सांगा. ब्लूटूथ इयरफोन असतील तर पुढचं वाचायचं कारण नाही, ते शे-दीडशे मिलिसेकंद सहज खातात. वायरचा हेडफोन घ्या आणि तो लॅपटॉपला नव्हे, इंटरफेसला लावा.

मग सॉफ्टवेअरचा बफर, म्हणजे आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) साठवून एकदम पुढे पाठवायचे तो आकडा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला घेतलेले नमुने) ५१२ चा बफर म्हणजे एका बाजूचे ११.६ मिलिसेकंद, जाऊन-येऊन दुप्पट, वर ड्रायव्हरचे थोडे. ४८,००० ला १२८ चा बफर म्हणजे २.७. आवाज हवेतून १० मिलिसेकंदांत साडेतीन मीटरही जात नाही, म्हणजे स्टेजवर अँपपासून तेवढ्या अंतरावर उभं राहून वाजवणारे गिटारिस्ट १० मिलिसेकंद रोजच झेलतात. २० च्या पुढे मात्र हात अडखळायला लागतो.

बफर कमी करता येत नसेल तर ड्रायव्हर चुकीचा निवडलाय. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एमएमई किंवा डायरेक्टसाउंड (विंडोजचे जुने, उशीर करणारे मार्ग) असेल तर एएसआयओ (रेकॉर्डिंगसाठीचा, कमी उशीर करणारा ड्रायव्हर) करा, आणि तोही इंटरफेसच्या कंपनीचा. एएसआयओ४ऑल हा पर्याय कंपनीचा ड्रायव्हर नसेल तरच. तो बऱ्याचदा साउंड डिव्हाइस अडवून बसतो, मग यूट्यूबवरचा बॅकिंग ट्रॅक मुका होतो आणि नवीच तक्रार सुरू होते. ऑडॅसिटीवाल्यांसाठी: रेकॉर्डिंगला ते चांगलं आहे, पण अँप सिम्युलेटर लावून वाजवता वाजवता तोच आवाज ऐकायला ते केलेलं नाही. त्यासाठी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या, ६० दिवस सगळं वापरून बघता येतं.

एकाच सुराचे दोन आवाज येत असतील, एक कोरडा लगेच आणि एक इफेक्टवाला मागून, तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (गिटार थेट कानात सोडणारं) आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग दोन्ही चालू आहेत. एक बंद करा. फक्त डाव्या कानात येत असेल तर ट्रॅक स्टिरिओ आहे, त्याचा इनपुट मोनो १ करा. कुरकुर, कटकट होत असेल तर बफर एक पायरी वाढवा.

काल चालत होतं

परत परत येणारा प्रकार हाच. काल आणि आजच्या मध्ये काहीतरी बदललेलं असतं, आणि विचारलं की उत्तर येतं, "मी तर काहीच केलं नाही." यूएसबीची वायर दुसऱ्या पोर्टमध्ये घातली होती का? काही इंटरफेसना विंडोज दुसऱ्या पोर्टवर नवं डिव्हाइस समजतो, नावाच्या आधी "२-" लावतो, आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर जुन्याच नावाची वाट बघत बसतं. पुन्हा जुन्या पोर्टमध्ये घाला, त्या पोर्टवर खूण करून ठेवा. रात्री ब्लूटूथ हेडसेट जोडला होता का? मग विंडोजनं इनपुट त्याच्या माइकवर नेलाय. अपडेट झाला? प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन डेस्कटॉप ॲपना माइकची परवानगी आहे का बघा. मॅकवर हीच परवानगी ॲपगणिक असते, आणि नाकारलेली असली तर गॅरेजबँडमध्ये सपाट रेघ येते, चूक दाखवणारा निरोप येत नाही.

ऑनलाइन क्लासवाल्यांची तक्रार वेगळी: सूर सुरू होतो आणि अर्ध्यात गिळला जातो. नॉइज सप्रेशनला माणसाचं बोलणं ओळखता येतं. लांब रेंगाळणारा सूर त्याला पंख्याच्या आवाजासारखाच वाटतो, म्हणून तो कापतो. विंडोजच्या माइकच्या प्रॉपर्टीजमधली ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा, झूममध्ये ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स चालू करा. रेकॉर्ड केलेलं जवळपास दीड फ्रेटनं खाली आणि संथ वाजत असेल, तर ४८,००० ला रेकॉर्ड झालेलं ४४,१०० समजून वाजवलं जातंय. विंडोज, इंटरफेसचं पॅनेल आणि प्रोजेक्ट, तिन्हीकडे एकच आकडा ठेवा.

आणि जॅक. काल चालत होतं, आज मधूनच जातं, वायर हलवली की येतं: वायर बदलून बघा, तरीही तसंच असेल तर गिटारचा जॅक. बाहेरचा नट सैल झालेला दिसला की लोक पकडीनं तो आवळतात. नटाबरोबर आतला जॅकही फिरतो, त्याला सोल्डर केलेल्या वायरींना पीळ बसतो आणि एक दिवस त्या तुटतात. जॅकची प्लेट दोन स्क्रू काढून बाहेर घ्या, जॅक आतून बोटांनी घट्ट धरा, मग नट आवळा. जॅकचा वाकडा पत्रा पिनेच्या टोकाला नीट दाबून बसतोय का तेही तेव्हाच दिसतं. सैल असेल तर हलक्या हातानं आत वाकवा. वायर आधीच सुटली असेल तर शील्ड, म्हणजे उघडी तार, दांड्याला टेकणाऱ्या कानाला, आणि मधली तार टोकाला टेकणाऱ्या कानाला. उलट जोडली तर घूंऽऽ पुन्हा हजर. बॅटरीचे पिकअप असतील तर वायर जॅकमध्ये घालून ठेवू नका, तेवढ्यावरच बॅटरी चालू राहते आणि मरायला टेकली की आवाज आधी फाटतो.

इतकं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं असेल, तर तीन छोट्या क्लिप पाठवा, प्रत्येकी दहा सेकंदांच्या, इफेक्ट सगळे बंद ठेवून: एक चार्जर लावून, तारांना हात न लावता, दुसरी चार्जर काढून, तशीच, तिसरी जाड ई तारेवरचा तिसरा फ्रेट जोरात वाजवून. सोबत इंटरफेसचं मॉडेल, वायर कोणत्या भोकात आहे त्याचा फोटो, आणि चार्जर दोन पिनांचा की तीन ते लिहा.